व्यसनमुक्ती केंद्राचा रिव्ह्यू : ‘पूर्ण बरे होतील का’ विचारलं तर ‘नाही’ म्हणाले, तरी चार स्टार

आधीच सांगते, केंद्राचं नाव लिहिणार नाहीये. मुलगी बारावीला आहे, तिच्या मैत्रिणींच्या आया दिवसभर मोबाइलवरच असतात आणि नाव टाकलं की दोन मिनिटांत आमचं घर ओळखलं जाईल. मिस्टरांना विचारूनच लिहितेय, ते म्हणाले लिही, पण मला उगाच हिरो करू नको. तर आम्ही सांगलीकडचे, मिस्टर कुपवाड एमआयडीसीत टर्नर, मी एका पतसंस्थेत क्लार्क, एवढं पुरे. केंद्र आमच्यापासून एसटीनं साडेतीन तासांवर, ३० दिवस आत राहायचं, २०२३ च्या जूनमध्ये आम्ही ॲडमिट केलं.

पहिल्या दिवशी तिथले मानसोपचाराचे डॉक्टर समोर बसले होते आणि मी पहिला प्रश्न तोच विचारला जो सगळे विचारत असणार, डॉक्टर, हे पूर्ण बरे होतील ना. ते म्हणाले, "ताई, शुगरवाला पेशंट पूर्ण बरा होतो का?" म्हटलं नाही, पण कंट्रोलमध्ये राहते. "मग तसंच. उपचार आहे, चांगला आहे, आणि माणूस उरलेलं आयुष्य न पिता मजेत काढू शकतो. पण लग्नात दोन पेग घेऊन शहाण्यासारखा घरी येणारा नवरा आम्ही तुम्हाला बनवून देऊ शकत नाही, ते बटण आता यांचं गेलं." मला रडूच फुटलं, कारण खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. अजिबात न पिणारा नवरा माझ्या डोक्यातच बसत नव्हता, मला दोन पेगवर थांबणारा हवा होता. सासूबाई मागून म्हणाल्या, "मग एवढं पैसं कशापायी भरायचं?" आणि डॉक्टरांनी त्यांना पण बसवून सगळं परत पहिल्यापासून सांगितलं, न चिडता. तिथेच मला वाटलं की इथे ठेवून बघू.

कारण त्याआधी सहा वर्षं आम्ही गॅरंटीच विकत घेत होतो.

२०१७ ला एसटी स्टँडच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरून मी पावडर मागवली होती, पिणाऱ्याला न कळत दारू सोडवा, १०० टक्के खात्री, २,४०० रुपये, कुरिअरनं घरपोच, पुडीवर ना कंपनीचं नाव ना आत काय आहे त्याचा पत्ता. सकाळी डब्यातल्या आमटीत घातली. संध्याकाळी हे नेहमीच्या ठिकाणी बसले आणि तासाभरात मित्रांनी रिक्षात घालून घरी आणले, तोंड लालभडक, छाती धाडधाड उडतेय, उलटीवर उलटी, हात गार. तसंच मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, खरं सांगा काय दिलंय. पुडी दाखवली तर म्हणाले यात बहुतेक डायसल्फिरामची गोळी कुटून घातलीय. ही काही भोंदू वस्तू नाही बरं का, खरंखुरं औषध आहे, १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याचा हा गुण सापडला. दारू लिव्हरमध्ये गेली की आधी तिचं एक विषारी रसायन होतं आणि मग पुढच्या पायरीला ते निरुपद्रवी होतं, ही गोळी ती पुढची पायरी अडवते, मग विष साठतं आणि माणसाची अशी अवस्था होते. म्हणून ही गोळी पेशंटला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन, शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास गेल्यावरच सुरू करायची असते, आणि बंद केली तरी पुढे दोन आठवड्यांपर्यंत तिचा असर राहू शकतो, अगदी दारू असलेलं खोकल्याचं औषध घेतलं तरी त्रास होऊ शकतो. हार्टचा पेशंट असता तर गेला असता म्हणाले. मी त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून विचार करत होते की पोलीस मला धरून नेतील का. अजून तसे कागद स्टँडवर दिसतात, दिसला की मी नखानं खरवडून काढते, एकदा कंडक्टर बघत होता, काही बोलला नाही.

मग माळ. दिरांनी माघी वारीला पंढरपूरला नेऊन तुळशीची माळ घालायला लावली. याला मी हसणार नाही, सात महिने टिकली, तोपर्यंतचा सगळ्यात मोठा गॅप तोच होता. ज्यांना ती पुरते अशी माणसं आमच्याच गल्लीत आहेत, आमच्या मागच्या घरातले काका ३० वर्षं माळकरी आहेत आणि त्याआधी ते गटारात पडलेले असायचे. पण आमच्या ह्यांनी मित्राच्या पोराच्या हळदीला माळ काढून शर्टाच्या खिशात ठेवली, आणि त्यानंतर जी सुरुवात झाली ती आधीपेक्षा वाईट, कारण आता देवाला पण फसवलं ही टोचणी, आणि टोचणीवर औषध कोणतं ते सांगायला नको.

आणि २०१९ चं ते पहिलं केंद्र. त्याचंही नाव लिहीत नाही, पण वेगळ्या कारणानं. फोनवर म्हणाले पेशंट तयार नसला तरी चालेल, आम्ही येऊन घेऊन जातो. रात्री ११ ला जीप आली, चार माणसं उतरली आणि मिस्टरांना बनियनवर उचलून नेलं, मुलगी तेव्हा सहावीत होती, ती दारात उभी राहून बघत होती. गाडीचे ८,००० वेगळे. ९० दिवस भेट नाही, फोन नाही. नंतर कळलं की तिथे डॉक्टर यायचाच नाही, एका हॉलमध्ये ४० माणसं, दाराला बाहेरून कुलूप, ऐकलं नाही की पट्टा, आणि दुसऱ्याच दिवशी ह्यांना फिट आली तर तोंडावर पाणी मारून कांदा हुंगवला. ९० दिवसांनी घ्यायला गेले, हे शांतपणे माझ्याबरोबर एसटीत बसले, आपल्या स्टँडवर उतरले, म्हणाले तू हो पुढं मी सुट्टे घेऊन येतो, आणि आले ते रात्री १० ला. तेव्हा मला अक्कल नव्हती, आता माहीत आहे की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटला साखळदंड घालायला साफ बंदी आहे आणि अशी केंद्रं नोंदणी केल्याशिवाय चालवता येत नाहीत. मी एका पैशाची पावती मागितली नव्हती, नोंदणीचा कागद कुठला मागणार.

ती फिट का आली हे मला चार वर्षांनी, दुसऱ्या केंद्रात कळलं, आणि हे प्रत्येक घरानं माहीत करून घ्यावं असं आहे म्हणून जरा लांबण लावते. दारू मेंदूला गप्प करते. रोज रोज, वर्षानुवर्षं गप्प केल्यावर मेंदू पण हट्टाला पेटतो आणि आपला ॲक्सिलरेटर दाबून धरतो, म्हणून तर आधी एका नाईन्टीत चढायची तिथे नंतर अख्खी चपटी लागते. आता एक दिवस दारू एकदम बंद केली तर ब्रेक गेला आणि ॲक्सिलरेटर तसाच दाबलेला, मग आधी हात थरथरणं, घाम, झोप नाही, पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही लोक भ्रमिष्ट होतात, भिंतीवर मुंग्या दिसतात, मेलेला बाप दारात दिसतो, आणि यात उपचार नाही मिळाले तर माणूस मरतो सुद्धा. म्हणजे आपण ज्याला सकाळचा उतारा म्हणतो आणि शिव्या घालतो ना, तो शौक नसतो हो, त्या माणसाला त्या वेळी हात स्थिर करायला खरंच तेवढी लागते. मी कितीतरी सकाळी ते हात बघून ‘नाटकं’ म्हटलेलं आहे. आणि आजपासून बंद म्हणून खोलीत कोंडून घालणारे नातेवाईक, कृपा करून रोज पिणाऱ्या माणसाला असं घरी कोंडू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करा.

म्हणून या चांगल्या केंद्रानं आम्हाला पहिल्या दिवशी आत घेतलंच नाही. आधी त्यांच्या ओळखीच्या हॉस्पिटलमध्ये सहा दिवस, तिथे लिब्रियम म्हणजे क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या, रोज थोड्या थोड्या कमी करत, आणि बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं, कारण पिणाऱ्यांच्या अंगात ते उरलेलंच नसतं आणि त्याच्या अभावानं मेंदूला कायमची इजा होऊ शकते. यावेळी फिट नाही, मुंग्या नाहीत, नुसता घाम आणि चिडचिड. तिथल्या नर्सनं मला विचारलं रोज किती घेतात, म्हटलं एक क्वार्टर, ती हसून म्हणाली बायकोनं सांगितलेल्याला दोननं गुणायचं आणि पेशंटनं सांगितलेल्याला तीननं.

आता मुख्य केंद्राबद्दल. आत जाताना बॅग तपासली, आफ्टरशेव्ह, माउथवॉश, खोकल्याचं औषध सगळं काढून घेतलं (माउथवॉश मीच नवीन घेऊन दिला होता, वास येऊ नये म्हणून, काय बोलायचं). तंबाखूची पुडी पण काढून घेतली आणि त्यावरून हे पहिले चार दिवस दारूपेक्षा जास्त भांडले. १० दिवस फोन नाही, पण ते आधी सांगितलेलं, आणि संमतीच्या कागदावर ह्यांची स्वतःची सही घेतली, माझी नाही. सही करायला दीड तास लागला. काउन्सेलर दादा शेजारी चहा पीत बसून राहिले, एकदाही करा लवकर म्हणाले नाहीत.

ते काउन्सेलर दादा म्हणजे या जागेचं खरं भांडवल. स्वतः १४ वर्षं सोबर, त्याआधी ट्रक चालवायचे आणि पिऊन तो दोनदा उलटवला. शिकलेल्या मॅडम पण आहेत, चांगल्या आहेत, पण मिस्टर त्यांना सहज गुंडाळायचे. या दादांसमोर थाप टिकायचीच नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला वहीत हिशेब लिहायला लावतात, दारूत किती गेले. ह्यांनी दिवसाला सरासरी २०० धरले, वर्षाचे ७३,०००, नऊ वर्षांचे ६ लाख ५७ हजार. फळ्यावर आकडा लिहिला तर हे म्हणाले चुकलंय, यात ड्राय डे वजा केलेले नाहीत. दादा म्हणाले, "बरोबर, ड्राय डेला ब्लॅकनं घेतली असणार, ते वाढवा." सगळा हॉल हसला आणि म्हणे हे पण हसले, आणि मग रात्री झोपले नाहीत. माझ्या पाटल्या त्या हिशेबात नव्हत्या, त्या त्यांनी नंतर स्वतःहून दुसऱ्या पानावर लिहिल्या.

दिवसाचं रुटीन कडक. साडेपाचला उठणं, योगासनं, झाडलोट, प्रत्येकाला किचनची पाळी. ज्या माणसानं घरी पाण्याचा तांब्या उचलला नाही तो तिथे ४५ लोकांची मेथी निवडायला शिकून आला, अजूनही रविवारी निवडून देतो, देठं ठेवतो तो भाग वेगळा. दुपारी लेक्चर, ग्रुप, आणि आठवड्यातून दोनदा बाहेरून एएची म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची माणसं येऊन मीटिंग घेतात. मला आधी वाटलं हा भजनी मंडळाचाच प्रकार, देवावर सोडा वगैरे. पण डॉक्टर म्हणाले २०२० मध्ये कॉक्रेननं, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास गोळा करून तपासणाऱ्या संस्थेनं, २७ अभ्यास एकत्र तपासले, त्यात सलग न पिता राहण्याच्या बाबतीत एए आणि त्या पद्धतीचे उपचार इतर प्रस्थापित थेरपीच्या तोडीस तोड किंवा वरचढ निघाले, आणि तेही फुकटात. सुरुवात १९३५ ची, अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर बाजारवाला बेवडा आणि एक सर्जन बेवडा भेटले आणि एकमेकांशी बोलत राहिले. बाकी शास्त्र काय ते असेल, पण मला हे पटतं, कारण माझं बोलणं ह्यांना नऊ वर्षं ऐकू गेलं नव्हतं आणि एका अनोळखी रिक्षावाल्यानं उभं राहून ‘मी मुलीच्या फीचे पैसे प्यायलो’ म्हटल्यावर हे ढसाढसा रडले. त्या रिक्षावाल्यानं नवीन काही सांगितलं नव्हतं हो.

वेटिंग रूमच्या भिंतीवर एम्सच्या २०१९ च्या सर्व्हेचा तक्ता लावलाय. देशात साधारण १६ कोटी लोक दारू पितात, त्यातले २.९ कोटी दारूवर अवलंबून, आणि अशा ३८ जणांत एकालाच कसली तरी मदत मिळते. मी तिथे बसून दर रविवारी तो तक्ता वाचायचे, आणि समोर बसलेल्या एकेका घराकडे बघून वाटायचं, बाकीची ३७ घरं या वेळी काय करत असतील, बहुतेक पावडर घालत असतील.

रविवारी घरच्यांचा ग्रुप असतो आणि तो कंपल्सरी आहे, चार रविवार, नाही आलात तर पेशंटला डिस्चार्जची तारीख देत नाहीत. मी पहिल्या रविवारी तणतणतच गेले, पितो तो, आणि एसटीचे धक्के मी का खायचे. तिथे मॅडमनी विचारलं ह्यांच्या सुपरवायझरला तब्येत बरी नाही म्हणून फोन कोण करायचं? मी. उधारी कोण फेडायचं? मी. उलटी कोण पुसायचं? मीच. "म्हणजे पिण्याचे परिणाम त्यांच्यापर्यंत पोचू कोण देत नव्हतं?" मला इतका राग आला की मी उठून बाहेर गेले आणि पेरूच्या झाडाखाली उभी राहिले. माझीच चूक काढतात म्हणजे काय. नंतर त्यांनी येऊन नीट सांगितलं की चूक नाही म्हणत, हा आजार तुम्ही दिलेला नाही, तुम्ही कंट्रोल करू शकत नाही, आणि तुम्ही बराही करू शकत नाही, पण त्याला लागणारा माल पुरवणं तुम्ही थांबवू शकता. हे पचायला मला सहा महिने लागले, आणि आजही पूर्ण पचलंय असं नाही.

मुलगी तिसऱ्या रविवारी आली होती. तिनं मॅडमना विचारलं, आजोबा पण प्यायचे, पप्पा पण, मग मला पण होणार का? हॉलमध्ये एकदम शांत. मॅडमनी खोटा दिलासा दिला नाही. म्हणाल्या या आजारात साधारण अर्धा वाटा आनुवंशिकतेचा असतो, म्हणजे तुला धोका इतरांपेक्षा जास्त आहे, पण धोका म्हणजे नशीब नव्हे, आणि तुला ते आत्ताच माहीत झालं, पप्पांना ४४ व्या वर्षी झालं. मुलगी परत येताना एसटीत खिडकीला डोकं टेकून झोपली. मला नाही आली झोप.

आता जिथे सगळ्यांचं घोडं अडतं ते. घरी आल्यावर पाच महिने छान, आणि मग नोव्हेंबरात, भाच्याच्या साखरपुड्यात, प्यायले. एक म्हणून चार. मी रात्री साडेअकराला केंद्रात फोन लावला, अपेक्षा अशी की आता ऐकवणार, काढून टाकणार. ज्यांनी फोन उचलला ते म्हणाले, "स्लिप झाली. होते. उद्या सकाळी घेऊन या, आणि ताई, आज भांडू नका." पाच दिवस ठेवून घेतलं, फक्त औषधांचे पैसे घेतले. डॉक्टरांनी सांगितलं की परत घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के असतं, बीपी आणि दम्याचे पेशंट पण साधारण तेवढेच औषध-पथ्य सोडून परत आजारी पडतात, फक्त त्यांना कुणी निर्लज्ज म्हणत नाही. त्यानंतर लिव्हरचे रिपोर्ट बघून नाल्ट्रेक्सोन सुरू केलं, ही डायसल्फिरामसारखी शिक्षेची गोळी नाही, दारूतली मजाच कमी करते आणि तलफ जरा बोथट होते, एक वर्ष घेतली, दर थोड्या महिन्यांनी एसजीओटी-एसजीपीटी म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी. मला राग एकाच गोष्टीचा येतो, की या गोळ्या आहेत हे आम्हाला त्याआधीच्या सहा वर्षांत, चार डॉक्टर फिरलो तरी, कुणी सांगितलंच नाही, सगळे ‘मनावर घ्या’ एवढंच म्हणायचे. मनावर घेऊन शुगर उतरते का?

त्या नोव्हेंबरपासून आजपर्यंत नाही प्यायले. दोन वर्षं आणि थोडे महिने. पुढच्या आठवड्याचं मी लिहून देणार नाही, ते स्वतः पण देत नाहीत, आजचा दिवस नाही घ्यायची एवढंच बोलतात.

एक स्टार का कापला तेही सांगते. फॉलो-अप महिन्याला एकदा आणि तिथेच जाऊन, साडेतीन तास जायला साडेतीन यायला, कामावर खाडा होतो, व्हिडिओवर घ्या म्हटलं तर फक्त मान डोलावली. बायकांसाठी वॉर्ड नाही, आमच्याच समोर एक मुलगा त्याच्या आईला घेऊन आला होता आणि त्याला परत पाठवलं, बायका पीत नाहीत असं धरून चालण्याचं काय कारण आहे? त्या एम्सच्याच तक्त्यात देशातल्या १.६ टक्के बायका पितात असं होतं, देशाच्या हिशेबात तो आकडा लहान नाही. दुपारी २ ते ४ फोन कुणी उचलत नाही. संडास चार आणि माणसं ४५. मधून मधून पाहुणे व्याख्याते येतात, त्यातल्या एकानं तासभर दारू म्हणजे राक्षस यावर कविता म्हटली, मिस्टर म्हणतात आयुष्यात पहिल्यांदा प्यावंसं वाटलं ते त्या कवितेनं. खर्च सगळा धरून, हॉस्पिटलचे सहा दिवस वेगळे, ३० दिवसांचे २४,००० झाले, विम्याचा क्लेम नामंजूर, पॉलिसीत बारीक अक्षरात दारूचा उपचार वगळलेला होता, तुमची आधी वाचून घ्या.

आणि जे फुकट आहे त्याला मात्र पाच पैकी पाच. आमच्या गावात गुरुवारी संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात अल-अनॉनची मीटिंग असते, पिणाऱ्यांची नाही, त्यांच्या घरच्यांची, हीसुद्धा १९५१ पासूनची जुनी संघटना आहे. लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, चहाचा थर्मास, शेवटी डब्यात ज्याला जमेल ते १०-२० रुपये टाकायचे, नाही टाकले तरी कुणी बघत नाही. नाव-गाव विचारत नाहीत. तिथे एका बाईनं सांगितलं की तिचा नवरा अजून पितो, रोज पितो, आणि तरी ती आता रात्री झोपते. मला ते तेव्हा अजिबात कळलं नाही. नवरा सुधारला नाही तर मग मीटिंगचा उपयोग काय! नंतर मिस्टर सोबर होऊन आठ महिने झाले तरी मी रोज दारात त्यांचा वास घेत होते, पिंपाच्या मागे बाटली शोधत होते, तांदळाच्या डब्यात पैसे लपवत होते, तेव्हा कळलं की ती बाई कशाबद्दल बोलत होती. हे तर आता स्वतःच दारात आले की तोंड पुढे करून हाऽऽ करतात, घे बाई वास. परवा वाफेला कांद्याचा वास होता, भेळ खाल्ली होती एकट्यानं, त्यावरून भांडण झालं ते साधं भांडण होतं, मला केवढं बरं वाटलं.

कुणाला लगेच फोन करायचा असेल तर सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, आणि टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६, दुसऱ्या नंबरवर मराठीत बोलता येतं. पुण्याच्या जवळ असाल तर मुक्तांगण आहेच, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ ला सुरू केलेलं, आमच्या नणंदेनं तेच सुचवलं होतं, पण आम्हाला घरापासून एवढं लांब जमणार नव्हतं. कुठेही जा, आधी नोंदणीचा कागद बघा, डॉक्टर कधी येतात ते विचारा, सही कुणाची घेतात ते बघा, आणि गॅरंटी देत असतील तर चपला घाला.

आमच्या केंद्राला जायचं तर स्टँडवरून रिक्षा. १५० सांगतात, ८० ला येतात. फक्त ‘केंद्रावर’ म्हणायचं, त्यांना बरोबर कळतं. पहिल्या रविवारी जो रिक्षावाला मिळाला तो वाटेत एक अक्षर बोलला नाही, उतरताना मात्र म्हणाला, डबा आणला असेल तर गेटवरच नाव टाकून द्या, आत नेऊ देत नाहीत, माझ्या भावाच्या वेळी आम्ही परत नेला होता.